बकलीच्या कड्यातली पाने आणि चंद्रपूरचा खडक

१२ नोव्हेंबर १९१२ रोजी अंटार्क्टिकाच्या रॉस हिमपट्टावर शोधपथकाला एक बर्फाने झाकला गेलेला तंबू सापडला. आत कॅप्टन रॉबर्ट स्कॉट, डॉ. एडवर्ड विल्सन आणि हेन्री बॉवर्स यांची प्रेते होती. त्यांच्या घसरगाडीवर, अन्न आणि इंधन संपल्यानंतरही टाकून न दिलेले, सुमारे ३५ पौंड म्हणजे १६ किलो दगड होते. हे दगड शंभर वर्षांहून अधिक काळ एकाच प्रश्नाभोवती फिरवले गेले आहेत: मरणाच्या दारात उभ्या असलेल्या माणसांनी एवढे ओझे ओढणे हा मूर्खपणा होता की ज्ञाननिष्ठा? दोन्ही बाजूंनी भरपूर लिहिले गेले आहे, आणि दोन्ही बाजूंनी दगडांपेक्षा माणसांकडेच जास्त पाहिले आहे. दगडांत काय होते, ते ओळखू कसे आले आणि त्यांनी नेमके काय सिद्ध केले, हा प्रश्न मला अधिक मोलाचा वाटतो. त्याचे उत्तर शोधू लागले की वाट दक्षिण ध्रुवावरून थेट नागपूर, कामठी आणि चंद्रपूरच्या कोळसापट्ट्यात येते. माझे म्हणणे असे की अंटार्क्टिकाच्या प्राचीन रानाचा शोध लागला तो हिंदुस्थानातल्या खडकांचा अभ्यास आधी झाला होता म्हणून; आणि त्या रानाने अंटार्क्टिकाच्या प्रवासापेक्षा आपल्या भूमीच्या प्रवासाची साक्ष अधिक ठामपणे दिली.

आधी दगडांविषयी. १७ जानेवारी १९१२ रोजी ध्रुवावर पोहोचल्यावर स्कॉटच्या तुकडीला दिसले की त्यांचा प्रतिस्पर्धी अमुंडसेन महिनाभर आधी, १४ डिसेंबरलाच, येऊन गेला आहे. परतीच्या वाटेवर ८ फेब्रुवारीला ते बियर्डमोर हिमनदीच्या माथ्याशी, माउंट बकलीच्या कड्याखाली आले. वारा पडला होता, समोर वालुकाश्माची उभी भिंत होती आणि तिच्यात दगडी कोळशाचे थर दिसत होते. विल्सनने तिथे पानांचे ठसे असलेले तुकडे गोळा केले. विल्सन पेशाने डॉक्टर, आवडीने पक्षी आणि प्राण्यांचा अभ्यासक, हाताने उत्तम चित्रकार. वनस्पतींच्या जीवाश्मांचा तज्ज्ञ मात्र नव्हता. त्याच्या टिपणात मोठ्या पानांची तुलना इंग्लंडमधल्या बीच वृक्षाच्या पानांशी केलेली आहे. म्हणजे जे आपण मरेपर्यंत सोडले नाही ते नक्की काय आहे, हे त्याला ठाऊक नव्हते. ते ठरवले केंब्रिजच्या ए. सी. सीवर्ड या पुरावनस्पतिशास्त्रज्ञाने. १९१४ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात त्याने ती पाने ‘ग्लॉसॉप्टेरिस इंडिका’ची असल्याचे जाहीर केले. जिभेच्या आकाराचे लांबट पान, मधोमध ठळक शीर आणि तिच्या दोन्ही बाजूंना जाळीसारखी गुंतलेली बारीक शिरांची वीण: ही खूण एकदा डोळ्यात बसली की चुकत नाही. ही वनस्पती पर्मियन काळातली, म्हणजे ढोबळमानाने तीस ते पंचवीस कोटी वर्षांपूर्वीची.

ओझ्याच्या आक्षेपाला टाळून पुढे जाणे बरोबर नाही. दगडांनी तिघांचा जीव घेतला, असे म्हणणाऱ्यांना उत्तर द्यायचे तर त्या मार्चमधल्या हवामानाकडे पाहावे लागते. सुझन सॉलोमन या वातावरणशास्त्रज्ञ बाईंनी स्कॉटच्या नोंदी आणि नंतरच्या स्वयंचलित हवामान केंद्रांची आकडेवारी ताडून दाखवले की १९१२ च्या फेब्रुवारीअखेर आणि मार्चमध्ये हिमपट्टावर नेहमीपेक्षा बरीच कडक थंडी पडली होती. इतक्या थंडीत बर्फाचा पृष्ठभाग घसरगाडीला निसरडा राहत नाही. तो वाळूसारखा धरून ठेवतो. त्यातच डेपोंमध्ये ठेवलेल्या डब्यांतले रॉकेल गळून कमी झाले होते, खाणे कष्टाच्या मानाने अपुरे होते, १७ फेब्रुवारीला तुकडीतला एडगर एव्हान्स गेला आणि मार्चच्या मध्यास हिमबाधेने पाय निकामी झालेला दुसरा सोबती ओट्स वादळात निघून गेला. तंबूपासून पुढचा मोठा डेपो अवघ्या १८ किलोमीटरांवर होता. या सगळ्यात १६ किलोंचा वाटा शून्य होता असे कोणी म्हणू नये. शिवाय कड्याखाली घालवलेला वेळही परत मिळणारा नव्हता. पण त्या वेळात वाऱ्यापासून आडोसा आणि थोडी विश्रांतीही मिळाली होती, हे स्कॉटच्या रोजनिशीतून दिसते. घसरगाडीवरून दगड उतरवले असते तर ते तिघे वाचले असते, असे मानायला पुरावा अपुरा आहे. माझ्या मते तो आक्षेप एका दुबळ्या गृहीतकावर उभा आहे.

याहून खरा आक्षेप दुसरा आहे: यात नवे काय होते? १९०८ च्या डिसेंबरात शॅकल्टनच्या तुकडीतल्या फ्रँक वाइल्डला याच बकलीवर कोळशाचे थर सापडले होते. त्याहीआधी, स्कॉटच्या पहिल्या मोहिमेत (१९०१ ते १९०४), हार्टली फेरर या तरुण भूशास्त्रज्ञाने दक्षिण व्हिक्टोरिया लँडमधल्या वालुकाश्मातून काळपट, कोळशासारखे झालेले वनस्पतींचे अवशेष आणले होते. म्हणजे ध्रुवाजवळ कधीकाळी झाडे होती, एवढे १९१२ पूर्वीच ठाऊक होते. हे सर्व खरे आहे, आणि माझा मुद्दा त्यामुळे लंगडा न पडता उलट उभा राहतो. फेररचे नमुने लंडनमध्ये वर्षानुवर्षे पडून होते. त्यांतही ग्लॉसॉप्टेरिस आहे, हे १९२८ साली डब्ल्यू. एन. एडवर्ड्सने ओळखले. दगड होता, पान होते, संग्रहालय होते. साक्ष मात्र पाव शतक मुकी राहिली. कोळसा सांगतो की इथे काहीतरी वाढत होते. काय वाढत होते आणि ते आणखी कुठे वाढत होते, हे सांगायला स्पष्ट शिरांचे पान लागते आणि त्या पानाशेजारी ठेवायला दुसरे पान लागते. विल्सनने पहिले दिले. दुसरे हिंदुस्थानातून आधीच गेलेले होते.

ते कसे गेले, हा इतिहास आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही, म्हणून त्यावर थोडे थांबायला हवे. ग्लॉसॉप्टेरिस हे नाव फ्रेंच पुरावनस्पतिशास्त्रज्ञ अदोल्फ ब्रॉन्यार याने १८२८ साली हिंदुस्थान आणि ऑस्ट्रेलिया इथून आलेल्या नमुन्यांवरून ठेवले. पण एका नावाने अभ्यास उभा राहत नाही. तो उभा राहिला कोळशाच्या गरजेने. ईस्ट इंडिया कंपनीला आगबोटींसाठी, आणि पुढे रेल्वेसाठी, देशी कोळसा हवा होता; १८५१ मध्ये थॉमस ओल्डहॅमच्या हाताखाली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण सुरू झाले ते मुख्यतः त्यासाठी. कोळसा कुठल्या थरात आहे हे ओळखायचे तर थरांची ओळख पटवावी लागते, आणि ती पटवण्याचा सर्वांत भरवशाचा मार्ग म्हणजे त्यांतली पाने. दरम्यान नागपुरात स्टीफन हिस्लॉप नावाचा स्कॉटिश मिशनरी सरकारी हुकमाशिवाय हेच काम करत होता. १८४५ च्या सुमारास नागपुरात आलेल्या या माणसाने रॉबर्ट हंटर या सहकाऱ्याबरोबर आसपासचा मुलूख पायी पालथा घातला, कामठी आणि सिल्लेवाड्याच्या वालुकाश्माच्या खाणींतून पानांचे ठसे जमवले आणि १८५५ मध्ये नागपूर परिसराच्या भूरचनेवर लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या त्रैमासिकात लेख प्रसिद्ध केला. त्याने पाठवलेल्या वनस्पतींचे वर्णन चार्ल्स बनबरीने १८६१ मध्ये केले आणि नागपूरच्या पानांवरून ग्लॉसॉप्टेरिसच्या काही नव्या जातींना नावे दिली. हिस्लॉप १८६३ मध्ये टाकळघाटजवळ ओढा ओलांडताना बुडून मेला. नागपुरातल्या कॉलेजाला त्याचे नाव आहे. अंटार्क्टिकाच्या इतिहासात मात्र त्याचे नाव कोणी घेत नाही. ते घ्यायला हवे, असे मला वाटते. सीवर्डला १९१४ मध्ये जे पान ओळखता आले ते कामठी, राणीगंज आणि दामोदर खोऱ्यातल्या पानांची साठ-सत्तर वर्षांची वर्णने, चित्रे आणि वर्गीकरणे त्याच्यासमोर होती म्हणून.

याच कामातून पुढे एक मोठी कल्पना निघाली. नर्मदेच्या दक्षिणेकडल्या गोंड राजवटींच्या प्रदेशावरून एच. बी. मेडलिकॉटने या थरांना गोंडवन हे नाव सुचवले. ओटोकार फाइस्टमांटेलने १८७६ मध्ये ते छापील स्वरूपात आणले. आणि ऑस्ट्रियाचा एडुआर्ट सूस याने १८८५ मध्ये त्यावरून गोंडवनभूमी ही एका प्राचीन महाखंडाची कल्पना मांडली. सूसच्या मूळ मांडणीत आफ्रिका आणि हिंदुस्थान होते. बर्फाखालचा अंटार्क्टिका त्या साखळीत पक्का बसवणारा पुरावा तेव्हा कुणाच्याच हाती नव्हता. तो पुरावा बकलीच्या कड्याने दिला.

आता नेमका कसला पुरावा, हे पाहू. शाळेपासून आपल्या मनात एक चित्र बसलेले असते: अंटार्क्टिका पूर्वी उष्ण प्रदेशात होता, तिथे जंगले होती, मग तो सरकत ध्रुवावर गेला आणि गोठला. हे चित्र ग्लॉसॉप्टेरिसच्या बाबतीत चुकीचे आहे. बियर्डमोरच्याच परिसरात, माउंट अकर्नार इथे, पर्मियन काळातल्या झाडांचे बुंधे जागच्या जागी उभे सापडले आहेत. एडिथ टेलर, थॉमस टेलर आणि रुबेन कुनेओ यांनी १९९२ मध्ये त्यांचा अभ्यास मांडला तेव्हा त्या जागेचे त्या काळातले अक्षांश ८० ते ८५ अंश दक्षिण असल्याचे त्यांनी दाखवले. म्हणजे रान होते तेव्हाही ती जागा ध्रुवाजवळच होती. झाडांची वार्षिक वलये रुंद आहेत, पण हंगामाच्या अखेरीस जे दाट लाकूड सावकाश भरत जाते ते त्यांत जवळजवळ नाही. उन्हाळाभर मावळत नसलेल्या सूर्याखाली झाड झपाट्याने वाढायचे आणि अंधार आला की वाढ एकदम थांबायची. ग्लॉसॉप्टेरिस हे पानगळीचे झाड होते. थरांत पानांचे गालिचे सापडतात त्यावरून हे दिसते. महिनोन्महिन्यांची रात्र सोसणारे असे रान आज पृथ्वीवर कुठेही नाही. अंटार्क्टिका फारसा हलला नाही, बदलले ते हवामान. हलली ती आपली भूमी. तेच झाड आज विदर्भात, वीस अंश उत्तर अक्षांशावर, मे महिन्यात अंगाची लाही करणाऱ्या उन्हात, खाणीच्या शेलमध्ये सापडते.

यावर विचारी वाचक म्हणेल की हवामानच बदलत असेल तर भूमी हलवायची गरज काय? पृथ्वी ऊबदार असताना एकच झाड ध्रुवापासून विषुववृत्ताजवळपर्यंत वाढले असेल. हा आक्षेप वजनदार आहे, कारण उत्तर ध्रुवाकडचा पुरावा त्याच्या बाजूने उभा राहतो. स्विस शास्त्रज्ञ ओस्वाल्ड हेअर याने १८६८ पासून ग्रीनलंड आणि स्पिट्सबर्गनच्या जीवाश्म वनस्पतींवर सात खंड लिहिले. कॅनडाच्या अ‍ॅक्सेल हायबर्ग बेटावर १९८५ मध्ये सुमारे साडेचार कोटी वर्षांपूर्वीच्या मेटासिकोया वृक्षांचे बुंधे मिळाले. ते दगड झालेले नव्हते, त्यांचे लाकूड करवतीने कापता येत होते. ते बेट तेव्हाही ध्रुववृत्ताच्या खूप उत्तरेला होते. तिथे रान वाढले कारण सारी पृथ्वीच तापलेली होती. मग दक्षिणेत वेगळे काय? वेगळेपण चंद्रपूरजवळच्या इराई गावाने दाखवले. भूवैज्ञानिक सर्वेक्षणातल्या फ्रान्सिस फेडनने १८७५ मध्ये नोंदवले की पैनगंगेच्या काठी गोटेमिश्रित तालचीर थराखालचा चुनखडक गुळगुळीत झालेला आणि समांतर ओरखड्यांनी भरलेला आहे. हिमनदी तळाशी दगड अडकवून खडकावरून सरकते तेव्हा असे ओरखडे पडतात. ओरिसातल्या तालचीर इथे ब्लॅनफोर्ड बंधू आणि थिओबाल्ड यांनी १८५६ मध्येच बर्फाचा अंदाज व्यक्त केला होता. इराईने त्याला खालचा खडक दिला. कोळशाच्या थरांखाली हिमयुग, आणि तेही आजच्या उष्ण कटिबंधात. आता सारी पृथ्वी गारठल्यामुळे हिंदुस्थानात बर्फ साचला असे म्हणावे, तर त्याच्या थोडेच आधी युरोप आणि उत्तर अमेरिकेत उष्ण दलदलीतली कोळशाची राने बहरली होती, आणि त्यांच्या लाकडात ऋतूंची वलये बहुधा नाहीत. एका प्रदेशात बर्फ आणि दुसऱ्यात विषुववृत्तीय लक्षणे दाखवणारी राने, ही विभागणी आजच्या नकाशावर मांडली की तिचा अर्थ लागत नाही. चंद्रपूर दक्षिणेत खूप खाली ठेवले की लागतो. ऊबदार पृथ्वी ध्रुवावरचे रान समजावते. पैनगंगेकाठची हिमनदी समजावत नाही.

पुढचा आक्षेप बिया आणि भूसेतूंचा. पान सापडले म्हणून जमीन जोडलेली होती कशावरून? वाऱ्याने किंवा पाण्याने बी गेले असेल, किंवा मधल्या समुद्रात आता बुडालेला एखादा जमिनीचा पट्टा असेल. चार्ल्स शुकर्ट आणि बेली विलिस यांच्यासारख्या मोठ्या भूशास्त्रज्ञांनी १९३० च्या सुमारासही अशा पट्ट्यांची बाजू घेतली. निव्वळ वनस्पतीच्या पुराव्यावर त्यांना निरुत्तर करणे अवघड होते, हे मान्य केले पाहिजे. ग्लॉसॉप्टेरिस नेच्यासारखी बीजाणूंवर पसरत नसून बी धरणारी होती, हे दक्षिण आफ्रिकेच्या एडना प्लमस्टेड यांनी १९५२ मध्ये दाखवलेल्या फळधारी अवयवांनी स्पष्ट होत गेले. त्यामुळे वाऱ्याची गोष्ट अधिक अवघड झाली, पण अशक्य ठरली नाही. निर्णायक घाव एका जनावराने घातला. १९६७ मध्ये न्यूझीलंडच्या पीटर बॅरेटला ग्रॅफाइट पीक इथे जबड्याच्या हाडाचा तुकडा मिळाला. तो एका प्राचीन उभयचराचा असल्याचे अमेरिकेच्या एडविन कोल्बर्टने ओळखले. दोनच वर्षांनी, १९६९ अखेर, कोलसॅक ब्लफवर कोल्बर्टच्या तुकडीला लिस्ट्रोसॉरसची हाडे मिळाली. सुळ्यांचा, आखूड पायांचा, जमिनीवर चरणारा हा प्राणी दक्षिण आफ्रिकेच्या कारूमध्ये आणि आपल्याकडे दामोदर खोऱ्यातल्या पंचेत थरांत आधीच माहीत होता. समुद्र ओलांडून जाणारे हे जनावर नव्हते. आणि बुडालेल्या भूसेतूंची कल्पना तोवर समुद्रतळाच्या अभ्यासानेच मोडीत निघाली होती, कारण महासागरांचा तळ जड बेसॉल्टचा आहे. हलक्या खंडीय खडकाचे पट्टे त्यात बुडून नाहीसे होऊ शकत नाहीत.

इथे सर्वांत कठीण आक्षेप येतो आणि तो इतिहासाचा आहे. आल्फ्रेड वेगेनरने खंडवहनाची कल्पना फ्रँकफर्टच्या सभेत मांडली ६ जानेवारी १९१२ रोजी. विल्सनने पाने उचलली त्याच्या महिनाभर आधी. दोघांना एकमेकांचा पत्ता नव्हता. त्यानंतर पन्नास वर्षे बहुसंख्य भूशास्त्रज्ञांनी वेगेनरला नाकारले, आणि मत बदलले ते १९६० च्या दशकात, समुद्रतळाचे पसरणे आणि त्यावरचे चुंबकीय पट्टे समजल्यावर. मग पानांनी सिद्ध काय केले? माझे उत्तर असे की पुरावा आणि यंत्रणा या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. खंड कशाने हलतात, हे वेगेनरला सांगता आले नाही. हॅरल्ड जेफ्रीजसारख्या भूभौतिकज्ञांनी गणित मांडून तसे होणे अशक्य ठरवले. कारण कळले नाही म्हणून घडलेलेच नाकारण्याची चूक त्या अर्धशतकात झाली. पण ज्यांनी दक्षिणेकडचे खडक हाताळले होते त्यांनी ती केली नाही. दक्षिण आफ्रिकेच्या अलेक्झांडर दु टॉइट याने १९३७ मध्ये गोंडवनाच्या थरांवर पूर्ण पुस्तक उभे केले, आणि त्याने खंडांची जी जुळणी सुचवली ती पुढच्या समुद्रतळाच्या मोजमापांनी मोडली नाही, सुधारली. समुद्रतळाने हालचाल कशी होते ते सांगितले. पानांइतक्या जुन्या काळाची साक्ष मात्र त्याच्यापाशी नाहीच, कारण आजच्या महासागरांचा तळ सुमारे वीस कोटी वर्षांहून जुना मिळत नाही. त्यापूर्वी कोण कोणाच्या शेजारी होते, हे विचारायचे तर पाने, हाडे, हिमनदीचे ओरखडे आणि जुन्या खडकांत गोठलेले चुंबकत्व यांच्याकडेच जावे लागते.

आणि ते आजही चालू आहे. भारताचे ‘भारती’ हे संशोधन केंद्र २०१२ मध्ये पूर्व अंटार्क्टिकातल्या लार्समन टेकड्यांत सुरू झाले. तिथून फार दूर नसलेल्या प्रिन्स चार्ल्स पर्वतरांगेत, लॅम्बर्ट हिमनदीच्या खचदरीच्या कडेला, पर्मियन कोळसा आणि ग्लॉसॉप्टेरिस आहे. ओरिसातली महानदीची कोळसादरी त्या खचदरीची तुटलेली अर्धी बाजू असावी, असे अनेक भूशास्त्रज्ञ मानतात. सुमारे तेरा कोटी वर्षांपूर्वी भारत अंटार्क्टिकापासून सुटला, आणि अंटार्क्टिकावर मोठा बर्फ साचू लागला तो त्यानंतर बऱ्याच उशिरा, साधारण ३.४ कोटी वर्षांपूर्वी. बकलीच्या दगडांना लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये जपून ठेवलेले आहे. तितकीच मोलाची साक्ष देणारा इराईचा खडक उघड्यावर आहे, आणि वर्धा खोऱ्यात कोळसा काढताना निघणाऱ्या मातीदगडांच्या ढिगाऱ्यांत जाणाऱ्या शेलमध्ये ग्लॉसॉप्टेरिसची पाने असू शकतात. चंद्रपूर आणि नागपूरच्या महाविद्यालयांनी, खाण कंपन्यांनी आणि जिल्हा प्रशासनाने मिळून इराईच्या ओरखड्यांना कायद्याचे संरक्षण द्यावे, आणि ढिगाऱ्यात जाण्याआधी त्या शेलकडे एकदा जाणत्या नजरेने पाहिले जाईल अशी व्यवस्था करावी. एकदा फोडलेला किंवा बांधकामाखाली गेलेला तो पुरावा पुन्हा कुठल्याही मोहिमेतून आणता येणार नाही.